पिंपरी-चिंचवड परिसरातील हिवाळी पाणपक्षी व त्यांचे निरीक्षण

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील पवना, इंद्रायणी, मुळा व भामा या नद्यांवर, त्यांच्यावरील बंधाऱ्यांच्या व धरणांच्या पाण्यावर आणि हे सर्व पाणी ज्या भीमेला मिळते तिच्यावरील उजनी जलाशयावर सामान्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात उतरणारे पाणपक्षी व त्यांच्या निरीक्षणाचा इतिहास. पाणपक्ष्यांचे हिवाळी निरीक्षण म्हटले की, शिवडी, ठाणे खाडी किंवा उरण यांसारख्या समुद्रकाठच्या पाणथळी प्रथम आठवतात. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस असलेल्या या पट्ट्यात नैसर्गिक सरोवरे नाहीत. तरीही शहराला व कारखान्यांना लागून असलेल्या पाण्यावर दरवर्षी मध्य व उत्तर आशियातून बदके, तुतवार, धोबी इ. पक्षी येतात. येथील पाणथळी बहुतांशी मनुष्याने घडविलेल्या व पुढे मनुष्यानेच दूषित केलेल्या आहेत. त्यामुळे पाण्यावर पक्षी असणे म्हणजे ते पाणी चांगले असणे, हे सोपे समीकरण येथे लागू पडत नाही. या भागातील पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासाचे महत्त्व मुख्यतः याच कारणाने आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकात नैसर्गिक सरोवरे विरळ आहेत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हा मोठा अपवाद होय. पवना व इंद्रायणी या नद्या मावळातील अतिवृष्टीच्या डोंगरांत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते व पुण्यात मुळेचा मुठेशी संगम होतो. इंद्रायणी देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहत जाऊन तुळापूर येथे भीमेस मिळते. मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते. चाकण हे गाव इंद्रायणी व भामा यांच्या दरम्यानच्या उंचवट्यावर असून त्याचे पाणी दोन्ही बाजूंना उतरते. म्हणजे या पट्ट्यात पडणारे, वापरले जाणारे व टाकले जाणारे पाणी कोणत्याही वाटेने गेले, तरी अखेर भीमेत व तेथून उजनी जलाशयात पोहोचते.

या नद्या मूळच्या पावसाळी वळणाच्या होत. पावसाळ्यात दुथडी भरून वाहावे व हिवाळ्याच्या अखेरीस डोहांपुरते उरावे, असा त्यांचा क्रम होता. पाणपक्ष्यांना हिवाळाभर पुरेल असे उथळ व विस्तीर्ण पाणी त्यांच्यावर क्वचितच असे. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटू लागली. पुण्यात मुळा-मुठेवर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बंधारा झाला. मुठेवर खडकवासला धरण झाले. पाषाण येथे तलाव बांधला गेला. विसाव्या शतकात पवना, चासकमान, भामा आसखेड व सर्वांत मोठे उजनी ही धरणे झाली. प्रत्येक बांधकामाचा हेतू पिण्याचे पाणी किंवा सिंचन हा होता. पक्ष्यांना मिळालेला आश्रय हा त्याचा अनपेक्षित परिणाम होय.

आरंभीच्या नोंदी : या प्रदेशातील पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील साइक्स यांची १८२४ मध्ये मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पुणे, अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर), खानदेश व धारवाड या जिल्ह्यांची पाहणी करताना त्यांनी लोकसंख्या, पिके व हवामान यांबरोबर प्राण्यांचीही माहिती गोळा केली. त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची सु. २३६ जातींची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. शास्त्राला तोपर्यंत अज्ञात असलेल्या काही जातींचे वर्णन तीत प्रथम आले. नाल्याच्या किंवा डबक्याच्या काठी मान आखडून निश्चल बसणारी ढोकरी (वंचक) ही त्यांपैकी एक होय. या पक्ष्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही साइक्स यांचे नाव व १८३२ हे वर्ष लिहिले जाते. पवनेच्या काठी सांडपाण्याच्या नाल्यावर आज सहज दिसणारा हा पक्षी याच प्रदेशाच्या पाहणीतून शास्त्राच्या नोंदीत गेला.

त्यानंतर डेव्हिडसन व वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांविषयी केलेले लेखन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७८ मध्ये आले. या काळातील निरीक्षणाचे साधन दुर्बिणीपेक्षा बंदूक हेच अधिक असे. पक्षी मारून त्याची कातडी जपावयाची व तिच्यावरून जात ठरवावयाची, अशी पद्धत होती. त्यामुळे जुन्या याद्यांतून कोणता पक्षी कोठे आढळतो व तो विपुल की विरळ हे कळते. परंतु एखाद्या पाण्यावर अमुक दिवशी किती पक्षी होते, हे कळत नाही. आजच्या संख्येची त्या काळाशी थेट तुलना करता येत नाही, याचे कारण हेच होय.

विसाव्या शतकातील निरीक्षण : १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तिच्याशी आजन्म निगडित असलेले सालिम अली (१८९६–१९८७) यांच्यामुळे पक्षिनिरीक्षण शिकार व संग्रह यांपासून वेगळे झाले. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जिवंत पक्षी पाहून त्याची जात ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून स्थलांतराचा अभ्यास सुरू केला. भारतात हिवाळा काढणाऱ्या अनेक पक्ष्यांची जन्मस्थाने उत्तरेकडे किती दूर असतात, हे अशा अभ्यासांनी प्रत्यक्ष पुराव्यानिशी दाखविले. चक्रवाक लडाख, तिबेट व मध्य आशियात वीण करतो. पट्टकादंब हा हंस तिबेट व मंगोलियाच्या पठारांवरून हिमालय ओलांडून येतो. थापट्या बदक यूरेशियाच्या उत्तर भागातून येते. ज्या आकाशमार्गाने हे पक्षी येतात, त्यास मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात.

मराठीत या विषयाची परिभाषा रूढ होण्यास वेळ लागला. बोलीभाषेतील नावे जिल्ह्याजिल्ह्याला बदलत व एकच नाव अनेक पक्ष्यांना लावले जाई. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचा ‘पक्षिकोश’ या दृष्टीने उपयुक्त ठरला. १९८० नंतरच्या दशकात पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटीची स्थापना (१९८२) झाली आणि पक्षिमित्रांची राज्यव्यापी संमेलने भरू लागली. त्यामुळे निरीक्षकांचा वर्ग वाढला. शिक्षक, विद्यार्थी व कारखान्यांतून काम करणारे नोकरदार सुट्टीच्या सकाळी नदीकाठी वही घेऊन जाऊ लागले.

औद्योगिकीकरण व नद्या : १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व त्याने या भागात मोठ्या प्रमाणावर भूखंड पाडले. मोटारवाहने, यंत्रे व त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने येथे उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सु. १७ लाख २७ हजार भरली. पुढे उद्योगांचा विस्तार चाकणकडे झाला.

या वाढीचा नदीच्या प्रवाहावर दुहेरी परिणाम झाला. पवना धरणातून सोडलेले पाणी रावेत येथील बंधाऱ्यातून शहरासाठी उचलले जाते व वापरानंतर त्याचा बराचसा भाग सांडपाण्याच्या रूपाने खालच्या पात्रात परत येतो. पूर्वी उन्हाळ्याकडे कोरडी पडणारी नदी त्यामुळे बारमाही झाली. परंतु तिच्यात वाहणारे पाणी मूळचे राहिले नाही. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते व पवना, मुळा यांच्या पात्रांचे मोठे भाग झाकले जातात. आळंदी येथे इंद्रायणीच्या पाण्यावर अलीकडील वर्षांत अनेकदा पांढरा फेस दिसून आला आहे. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ पासून अस्तित्वात आहे. शहरात सांडपाणी शुद्धीकरणाची केंद्रेही आहेत. तथापि सर्व सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत जाते, अशी स्थिती आलेली नाही.

प्रदूषित पाण्यावरील पक्षी : या प्रश्नाचा पक्ष्यांच्या अंगाने विचार करणाऱ्यांत पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे हे अग्रणी होत. मुळा-मुठेवरील पक्ष्यांविषयीचा त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच नदीचा उल्लेख ‘प्रदूषित’ असा केलेला होता. शहराखालची नदी घाण आहे म्हणून ती पक्ष्यांच्या दृष्टीने मृत आहे, असे न मानता तिच्यावर कोणते पक्षी येतात हे त्यांनी पद्धतशीरपणे पाहिले.

सांडपाणी मिसळलेल्या उथळ पाण्यावर पक्षी का जमतात, याचे उत्तर त्यांच्या अन्नात आहे. सेंद्रिय द्रव्य वाढले की, त्यावर जगणारे सूक्ष्मजीव, शैवले, कृमी व माशीवर्गीय कीटकांच्या अळ्या यांची वाढ होते. थापट्याची चोच टोकाकडे पळीसारखी रुंद असून तिच्या कडांना फणीसारखे दाते असतात. त्यांतून पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. अशा पाण्यात त्याला भरपूर खाद्य मिळते. लांब लाल पायांचा शेकाट्या, काठच्या चिखलात चोच खुपसणारे तुतवार व शेपटी वरखाली हलविणारे धोबी यांनाही चिखलातील अळ्यांचा लाभ होतो. मात्र सेंद्रिय द्रव्याचे विघटन होताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. तो फार कमी झाला म्हणजे मासे जगत नाहीत आणि ज्या पक्ष्यांचे जीवन माशांवर अवलंबून असते त्यांना तेथे अन्न मिळत नाही. कारखान्यातून येणारी विषारी द्रव्ये तर सूक्ष्म जीवांनाही मारक ठरतात. जलपर्णीने पाणी पूर्ण झाकले की, पोहणाऱ्या बदकांना उतरण्यास जागा उरत नाही. वारकरी व पाणकोंबडी यांसारख्या झाडोऱ्यात वावरणाऱ्या पक्ष्यांचा मात्र काही काळ फायदा होतो.

यावरून असे दिसते की, पक्ष्यांची एकूण संख्या वाढली म्हणून नदी सुधारली, असे म्हणता येत नाही व ती घटली म्हणून नदी बिघडलीच, असेही म्हणता येत नाही. कोणत्या जाती आहेत, कोणत्या नाहीशा झाल्या व उरलेल्यांचे परस्परांशी प्रमाण काय, हे पाहावे लागते. टिबुकली, पाणकावळा, खंड्या व सुरय हे मासे खाणारे पक्षी आणि थापट्या, शेकाट्या हे गाळून किंवा टिपून खाणारे पक्षी यांची नोंद वेगवेगळी ठेवली, तरच नदीच्या अवस्थेविषयी अनुमान काढता येते.

उजनी जलाशय : भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. त्याचे पाणी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापर्यंत पसरले व भीमाकाठची अनेक गावे त्याखाली गेली. हिवाळ्याच्या उत्तरार्धात सिंचनासाठी पाणी सोडले जाऊन जलाशय उतरू लागला की, भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांजवळ उथळ पाणी व चिखलाची मैदाने उघडी पडतात. तेथे मोठा रोहित हा समुद्रकाठचा व खाऱ्या पाणथळींचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी थव्यांनी येतो. भारतात त्याची प्रसिद्ध वीण कच्छच्या रणात होते. त्याच्याबरोबर चमच्या, चित्रबलाक, शराटी, चक्रवाक, पट्टकादंब, कुरव व सुरय हे पक्षीही दिसतात. पट्टकादंब दिवसा पाण्यालगत विसावतात आणि काठच्या शेतांतही चरतात.

धरणाने शेतजमीन गेलेल्या व मासेमारीकडे वळलेल्या काठच्या कुटुंबांपैकी काहींना पक्षी पाहण्यास येणाऱ्यांना नावेतून फिरविणे हा हिवाळी जोडधंदा मिळाला. कोणता थवा कोणत्या बेटाजवळ बसतो, वारा सुटल्यावर तो कोठे सरकतो याचे त्यांचे ज्ञान पुस्तकी नसले, तरी नेमके असते. थव्याच्या फार जवळ नाव नेऊन तो उठविणे मात्र पक्ष्यांना अपायकारक असते. दूरच्या परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती वारंवार उडण्यात खर्च होते.

पुणे व पिंपरी-चिंचवड येथील सांडपाणी अखेर याच जलाशयात येते. जलाशयातील पाणी अनेकदा गर्द हिरवे दिसते, ते शैवलांच्या अतिवाढीमुळे होय. वरच्या औद्योगिक पट्ट्यातील नद्यांवर जे घडते त्याचा हिशेब शंभर किमी. खाली उजनीवर मांडला जातो.

सागरी पाणथळींशी तुलना : अशीच परिस्थिती मुंबईजवळ ठाणे खाडीत दिसते. १९९० नंतरच्या काळात शिवडीच्या व खाडीच्या चिखलपट्ट्यांवर लहान व मोठे रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले. खाडीच्या दोन्ही काठांना दाट वस्ती व कारखाने असून तिच्यातही सांडपाणी येते. २०१५ मध्ये या खाडीच्या १,६९० हेक्टर क्षेत्रास रोहित अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली व २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत तिचा समावेश झाला. खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा चिखल उघडा करते. उजनीवर तेच कार्य धरणाचे दरवाजे हिवाळा-उन्हाळ्याच्या काही महिन्यांत करतात. पक्ष्यांच्या दृष्टीने उथळ पाणी व अन्न या गोष्टी महत्त्वाच्या. त्या निसर्गाने दिल्या की अभियंत्याने, याचा त्यांना फरक पडत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो फरक निर्णायक ठरला आहे.

मोजणीची पद्धत : पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ मध्ये सुरू झाली व ती दरवर्षी जानेवारीच्या मध्यास स्वयंसेवकांकडून केली जाते. या सुमारास पक्षी हिवाळी ठिकाणी स्थिरावलेले असतात व त्यांची ये-जा कमी असते. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडून थव्याचा एक लहान भाग प्रत्यक्ष मोजतात आणि तेवढेच किती भाग संपूर्ण थव्यात बसतात यावरून अंदाज करतात. ठिकाण, वेळ, पाण्याची पातळी व निरीक्षकांची संख्या यांची नोंद न ठेवल्यास दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. पक्षी न दिसल्याची नोंदही तितकीच मोलाची असते. अलीकडे ई-बर्ड या संगणकीय नोंदवहीत अनेक निरीक्षक आपल्या याद्या भरतात. अशा याद्यांवर आधारलेल्या २०२० व २०२३ च्या देशव्यापी अहवालांत किनाऱ्यावरील व चिखलपट्ट्यांवरील स्थलांतरी पक्षी घटत असल्याचे दिसून आले. एकेका ठिकाणच्या साध्या वहीची किंमत अशा एकत्रित हिशेबात कळते.

संरक्षणाचा प्रश्न : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे पक्ष्यांच्या शिकारीस आळा बसला, परंतु ज्या पाण्यावर ते उतरतात त्याचे संरक्षण हा वेगळा प्रश्न आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्येतून नदीची पात्रे, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व सिंचनासाठी केलेली बांधकामे वगळण्यात आली आहेत. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील पक्ष्यांची जवळजवळ सर्व महत्त्वाची ठिकाणे याच तीन प्रकारांत मोडतात. पवना, मुळा व इंद्रायणी ही नदीपात्रे आहेत. पवना व भामा आसखेड ही धरणे पाणीपुरवठा व सिंचन यांसाठी आहेत. उजनी मुख्यतः सिंचनासाठी आहे. हजारो मैलांवरून पक्षी ज्यास पाणथळ समजून उतरतात, त्यास सर्वसाधारण नियमाप्रमाणे पाणथळ म्हणता येत नाही, असा हा पेच आहे.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे त्याचे एक उत्तर सापडते. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यात गाळ साचून उथळ पाणी व बेटे निर्माण झाली आणि तेथे पाणपक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले व २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. मनुष्यनिर्मित पाण्यासही अशी मान्यता मिळू शकते, हे या उदाहरणाने सिद्ध केले आहे. तेथे येणाऱ्या पक्ष्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी हा अशा मान्यतेचा आधार असतो.

शहरालगतच्या नद्यांपुढे आणखी एक प्रश्न आहे. पुण्यात नदीकाठ सुधारणेच्या प्रकल्पाचे काम २०२२ मध्ये सुरू झाले असून अशा योजनांचा विचार पिंपरी-चिंचवडमध्येही झाला आहे. सांडपाणी अडवून ते शुद्ध करणे हा अशा योजनांचा भाग पक्ष्यांसही हितकारक आहे. परंतु काठ उभे बांधून पात्र एकसारखे खोल केल्यास उथळ कडा, गाळाची बेटे व काठचे गवत नाहीसे होते आणि तुतवार, धोबी, शेकाट्या व ढोकरी यांची जागा जाते. पाणी स्वच्छ करणे व काठ उथळ ठेवणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या, तरच आजच्या सांडपाण्यावर पोसलेल्या पक्षिसमूहाची जागा मासे खाणारे व स्वच्छ पाण्याचे पक्षी घेऊ शकतील. तसे घडल्यास काही वर्षे थापट्यांची संख्या कमी झालेली दिसेल व ती घट सुधारणेचे चिन्ह ठरेल. ती तशी ओळखता यावी यासाठी त्याआधीच्या हिवाळ्यांच्या जातवार नोंदी हाताशी असणे आवश्यक आहे. साइक्स यांच्या यादीतून संख्या कळत नाहीत, ही उणीव पुढच्या पिढीस पुन्हा जाणवू नये, हे आजच्या निरीक्षकांच्या वह्यांवर अवलंबून आहे.